सोमवारची ओळ

८ सप्टेंबर, सोमवार

फर्नची ओळ आली नाही.

सकाळी पाहिलं, जेवून पाहिलं, दिवेलागणीला पाहिलं. पान जसंच्या तसं. शेवटची ओळ एक तारखेची — ‘आहे. पाऊस. नवीन बूट चावतायत.’ खाली त्याची सही.

नेट गेलं असेल. माणसाला तापबिप येतो. माझी ओळ मी टाकली — ‘आहे. गणपती गेले. गल्ली रिकामी झाली.’ मग खाली मच्छिंद्रच्या खताच्या दुकानात उगाच बसून आलो. तो माझा घरमालक. त्याला गिऱ्हाइकं होती, मला काही नव्हतं.

९ सप्टेंबर

आजही नाही.

हे सगळं मी कुणालाच सांगितलेलं नाही. इथं तरी एकदा नीट लिहितो, नाहीतर स्वतःलाच खोटं वाटायला लागेल.

ताईला वाटतं मी राहात्यात बसून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. खाली राहणाऱ्या रतनबाईंना वाटतं ‘मोबाईलचं कायतरी’. दोघींचं थोडं थोडं खरं आहे, पोट त्यावरच चालतं. पण माझं काम वेगळं. जगातले निम्मे कॉम्प्युटर ज्या सिस्टिमवर चालतात तिच्यातल्या फटी मी शोधतो. सापडली की कंपनीला कळवतो. कंपनी गोड इंग्रजीत म्हणते, अशी काही फट आमच्याकडे आढळत नाही. मग मी एक छोटं टूल लिहितो. ते चालवलं की त्या मशीनवरचा अगदी साधा माणूस तिचा मालक होऊन बसतो — कुणाचंही काहीही उघडावं, पुसावं. हे टूल पाहिलं की मग त्यांना फट आढळते! असं हे काम. खोट्या नावानं करावं लागतं, कारण फट बुजवायला त्यांना महिने लागतात आणि वकील लावायला एक सकाळ पुरते.

माझं नाव खर्डा. फर्ननं विचारलं होतं, म्हणजे काय? सांगितलं — हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, तव्यावर परतायचं आणि तिथंच रगडायचं. म्हणाला, मग नाव बरोबर आहे.

फर्नची ओळख होऊन सहा-सात वर्षं झाली. कुठला, केवढा, बाई की बुवा, काही माहीत नाही. मी आपला ‘तो’ म्हणतो. विचारायचं नाही आणि शोधायचं तर मुळीच नाही, हा आमचा पहिला नियम. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरा नियम सोमवारचा. दर सोमवारी दोघांनी आपापल्या पानावर एक ओळ टाकायची आणि खाली आपल्या किल्लीनं सही करायची. ही सही म्हणजे आकड्यांचं भेंडोळं. ज्याच्याकडे किल्ली त्यालाच ते जमतं, दुसऱ्याला जन्मात नाही. ओळ आली म्हणजे माणूस आहे आणि मोकळा आहे. लागोपाठ तीन सोमवार आली नाही, तर दुसऱ्यानं हातात असलेलं टूल दोघांच्या नावानं जाहीर करून टाकायचं. नियम फर्नचाच. म्हणाला होता, ‘आपल्यासारखे दमतील किंवा घाबरतील याचीच ते वाट बघतात. माणूस गेला तरी काम जाता कामा नये.’ मी हसून हो म्हटलं. तेव्हा तीन सोमवार म्हणजे फार लांबची गोष्ट वाटली होती.

आणि टूल हातात आहे. वर्षभर दोघांनी मिळून लिहिलंय. जुन्या फाईली परत आणून देणारी जी सेवा सिस्टिममध्ये असते, तिच्यात ही फट आहे. मार्चपासून कंपनी ‘तपासत’ आहे. दुरुस्तीआधी टूल बाहेर पडलं तर चोरांच्याही हातात पडणार — दवाखाने, पतसंस्था, तहसील, खाली मच्छिंद्रचं बिलाचं मशीन, सगळं उघडं. म्हणून आम्ही थांबलो होतो.

पण अजून एकच सोमवार गेलाय. उगाच काय!

१२ सप्टेंबर

ताईचा फोन. पुण्यात तिच्या नणंदेच्या ओळखीची कंपनी आहे, ‘तुझ्यासारख्यांना’ घेतात म्हणे. माझ्यासारखे म्हणजे कोण, विचारलं. म्हणाली, हुशार आणि घरात बसलेले. मग आईचं गुडघेदुखीपुराण. सर्वपित्रीला नगरला ये म्हणाली, बाबांचं तुझ्याशिवाय कोण करणार.

पाऊस थांबत नाही. पेरूवाले हवालदिल झालेत. चौकात क्रेटच्या क्रेट मऊ पडलेत आणि अख्ख्या राहात्याला गोड, उतू गेल्यासारखा वास येतोय. मागे एकदा हा वास फर्नला लिहून कळवायचा प्रयत्न केला होता. त्यानं तिकडे कुठूनतरी डबाबंद पेरू आणून खाल्ला आणि लिहिलं, ‘साबण.’

१५ सप्टेंबर, सोमवार

नाही.

१६ सप्टेंबर

रतनबाईंनी पकडलं. त्या मच्छिंद्रच्या आई. मी वर राहायला आलो त्या दिवसापासून दुपारची भाकरी त्यांच्याकडून येते. कालचा डबा तसाच झाकलेला पाहून त्या जिन्यातच बसल्या. गुडघा धरून, पण हलायला तयार नाहीत.

विचारलं, घरी कुणाचं काही झालंय का. म्हटलं नाही, एक मित्र आहे, त्याची काही खबर नाही, आजारी असेल.

“मग जा की बघायला. हितं बसून काय हुतंय?”

म्हटलं, कुठं राहतो माहीत नाही.

“नाव काय त्याचं?”

तेही सांगता येईना. जे आहे ते खोटं आहे, हे त्यांना कसं समजवायचं? मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत.

“दोस्त हाय, अन् नाव ठावं न्हाई, घर ठावं न्हाई. बाबा, लई एकटा पडला रं तू.”

डबा गरम करून आणते म्हणून उठल्या. मला एकदम रडूच आलं. चाळिशीला टेकलेला माणूस, भाकरीच्या डब्यावरून रडतो! त्या परत येईपर्यंत तोंड धुऊन घेतलं.

१७ सप्टेंबर

आज नियम मोडायला बसलो होतो.

शोधणं मला अवघड नाही. माणूस कितीही जपून राहिला तरी सांडत जातो. त्याची पत्रं कधी यायची, त्यातला पाऊस कधी पडायचा, कोणत्या सुट्ट्यांना तो गप्प असायचा. शिवाय एका जुन्या टूलच्या पोटात त्याच्या मशीनवरच्या फोल्डरचं नाव चुकून राहिलं होतं. ते मी तेव्हा पाहिलं होतं, त्याला न सांगता पुसून टाकलं होतं, आणि विसरायचं ठरवलं होतं. विसरता कुठं येतं? त्यात एक आडनाव होतं.

ते आडनाव शोधाच्या चौकटीत टाइप केलं. बोट बटणावर ठेवलं.

नाही दाबलं. बाबा गेले तेव्हाचं आठवलं. सोमवारच्या ओळीत मी फक्त ‘आहे. वडील नाहीत.’ एवढं लिहिलं होतं. फर्ननं विचारलं, तुमच्यात किती दिवस पाळतात? म्हटलं, तेरा. त्यानंतर तेराव्यापर्यंत रोज त्याची एक ओळ आली, सहीसकट. कधी नुसतंच ‘आहे’. सख्खे चुलतभाऊ दहाव्याला तोंड दाखवून गेले. हा रोज आला. आणि त्या सगळ्यात त्यानं मला एकदाही विचारलं नाही की तू कोण, तुझे वडील कोण.

त्या माणसाचं आडनाव मी शोधणार? पुसून टाकलं.

१८ सप्टेंबर

कंपनीला लिहिलं. चिडून नाही, नीट लिहिलं — आता थांबणं माझ्या हातात राहिलेलं नाही, सोमवारनंतर टूल जाहीर करावं लागेल, दुरुस्ती कधी देताय ते तारखेसकट कळवा. तासाभरात उत्तर. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. प्रकरण विचाराधीन आहे.’ गेल्या खेपेचंच उत्तर, स्वल्पविरामसुद्धा तिथंच.

मार्चपासून विचारच चाललाय! मी घरात बसून असतो तर निदान आळशी तरी म्हणवतो. यांना काय म्हणायचं?

१९ सप्टेंबर

तुरुंगात असेल. पोलिसांनी मशीन नेलं असेल. किंवा रस्त्यात गाडीखाली आला असेल, त्या नव्या बुटांत.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

आत्ता नगरहून परतलो. जाताना कोल्हारच्या पुलावर एसटी तासभर अडकली. नगर-मनमाड रस्त्याबद्दल लिहायला बसलो तर ही वही पुरायची नाही.

आई सावेडीच्या फ्लॅटमध्ये एकटी असते, ताई जवळच. सगळी तयारी तिनं करून ठेवली होती. रंगनाथ गुरुजी आले. बाबा आणि ते एकाच शाळेत शिकवायचे. निवृत्तीनंतर गुरुजींनी हे सुरू केलं. मी सोवळं नेसून पाटावर बसलो. दर्भ, काळे तीळ, तांब्या. आधी नृसिंह, म्हणजे बाबा. मग आजोबा, पणजोबा, आजी, काका, मामा. नाव, गोत्र, तिळाचं पाणी. नाव, गोत्र, पाणी. यादी उतरत उतरत गुरू आणि मित्रांपाशी आली. गुरुजी सवयीनं म्हणाले, “सख्यांपैकी कुणी?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आहे एक.”

“नाव?”

“फर्न.”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. गुरुजींनी गोत्र विचारलं, म्हटलं माहीत नाही. आता हसणार, नाहीतर रागावणार. पण ते शांतपणे म्हणाले, “मग काश्यप म्हणा. ज्याचं गोत्र ठाऊक नसतं त्याचं काश्यप.”

इतकी साधी सोय! कुणाचं काहीही माहीत नसलं तरी त्याला एक जागा आहे. मी म्हटलं — फर्न, काश्यप गोत्र — आणि अंगठ्यावरून पाणी सोडलं. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं, हे खरं सांगायला हवं.

जेवणं झाल्यावर आई गच्चीत आली. हळूच विचारलं, कोण रे तो? म्हटलं, कामातला मित्र, परदेशात असतो. असायचा.

“नक्की गेलाय ना? जिवंत माणसाचं असं करत नाहीत, शौनक.”

मी म्हटलं, नक्की. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. तिला लगेच खरं वाटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, मला कधी सांगितलंस का नाहीस, मित्र आहे म्हणून? बरं वाटलं असतं मला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. खाली रतनबाईंनी माती चाळून धान्य पेरलं, मला वर प्रसाद दिला.

दिवसभर पान उघडं ठेवून बसलो होतो. आमच्याकडचा सोमवार संपतो तेव्हा जगात कुठंतरी अजून सकाळच असते. म्हणून कुठल्याच देशात सोमवार उरला नाही असं होईपर्यंत थांबायचं ठरवलं. म्हणजे उद्या दुपार.

मला काय वाटतं? वाटतं की टूल दाबून ठेवावं. जाहीर केलं की तो गेला. नाही केलं तोवर नुसती ओळ आली नाही, एवढंच. पण त्याचा शब्द होता. माणूस गेला तरी काम जाता कामा नये. मी एवढंही केलं नाही तर त्याच्या सात वर्षांचा साक्षीदार कोण? मी एकटा. आणि मी तर कुणीच नाही.

चोरांच्या हातात पडेल, हेही आहेच. ते मला दिसत नाही असं नाही.

२३ सप्टेंबर

दुपारी टाकलं.

वर दोन नावं. आधी फर्न, मग खर्डा. खाली एकच वाक्य — ‘फर्न आता नाही. हे काम त्याचं आहे.’ कंपनीचं नाव, फट कुठं आहे, दुरुस्ती येईपर्यंत कोणती सेवा बंद ठेवायची, सगळं नीट लिहिलं. सही केली. बटण दाबताना डोळे मिटून घेतले, पोरासारखे.

संध्याकाळपर्यंत जगभर झालं. अनोळखी लोक फर्नला निरोप देतायत! कुणी म्हणतं, त्याच्या एका टूलवरून मी हे काम शिकलो. कुणी म्हणतं, त्यानं मला एकदा चूक दाखवली होती, किती हळुवारपणे. एका बाईनं मेणबत्तीचा फोटो टाकलाय. मी प्रत्येक ओळ वाचतोय. मला वाटायचं तो फक्त माझा होता. बरं वाटतंय आणि थोडं जळतोयही.

२४ सप्टेंबर

आज सबंध दिवस राहात्यात फिरलो. आपणच वाघ सोडायचा आणि आपणच दारं लावत हिंडायचं.

मच्छिंद्रच्या मशीनपासून सुरुवात केली. मग मेडिकल, फोटो स्टुडिओ, पतसंस्था, दोन लॉज, वीटभट्टीवाल्याचं ऑफिस. प्रत्येक ठिकाणी आत जाऊन म्हणायचं, एक सेवा बंद करून देतो, नाहीतर चोरी होईल. निम्मे लोक मलाच चोर समजले. मेडिकलवाले काकासाहेब म्हणाले, काय घेणार? म्हटलं काही नाही. तेव्हा तर त्यांचा संशय पक्का झाला. शेवटी मच्छिंद्रला फोन लावला तेव्हा हात लावू दिला.

राहाता झालं. बाकी जग मोठं आहे. बातम्यांत एका ठिकाणच्या दवाखान्याचं काम बंद पडल्याचं आलंय. टूलमुळेच असं नक्की कुणी म्हणत नाही. मी तीच बातमी पुन्हा पुन्हा उघडतोय. भाकरी गेली नाही. रतनबाईंना सांगितलं, पोट बिघडलंय.

त्या म्हणाल्या, “दोस्त गेला का?” मी मान हलवली. तर त्यांनी खाली जाऊन देवीपुढं नारळ फोडायला लावला मच्छिंद्रला. नाव न विचारता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी फर्नचं पत्र. सही त्याचीच. पुन्हा पुन्हा तपासली.

‘मी मेलेलो नाही. दोन तारखेपासून मी त्यांच्याच कंपनीत नोकरीला आहे. सोमवारची ओळ करारात बसत नव्हती आणि तुला सांगायची लाज वाटली. वाटलं, तू समजशील आणि थांबशील. आपली फट मीच दुरुस्तीसाठी मागून घेतली होती. दुरुस्ती चौदा ऑक्टोबरला निघणार होती. माझं नाव काढ, खर्डा. आज दुपारी मला वरच्यांनी जाब द्यायला बोलावलंय.’

नाव काढलं. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रतींवर ते राहणारच.

आईला फोन केला. म्हटलं, तो माझा मित्र जिवंत आहे, माझी चूक झाली. तिला रडूच फुटलं. “देव पावला रे,” म्हणाली, “आता एकदा घरी घेऊन ये त्याला जेवायला.”

हो म्हटलं.